बाबाजीनं मोहोर खुडला

त्या शेडवरून जाताना मी अजून नाकाला पदर लावते. वास केव्हाच गेलाय. पत्रे उतरवले, भिंती पाडल्या, आता तिथं नुसता सिमेंटचा कोबा उरलाय आणि त्याच्या भेगांतून रानमोडी उगवलीय. तरी माझं नाक काही ऐकत नाही. आमचे हे म्हणतात, सगळे मनाचे खेळ. असतील.

पण मला शेडबद्दल सांगायचं नाही, बाबाजीबद्दल सांगायचंय. आणि ते मीच सांगायला हवं, कारण गावात त्याची गोष्ट सांगणारे पुष्कळ झालेत आणि त्यातला एक मेला खरं सांगेल तर शपथ. गांजावाला बाबाजी म्हणतात त्याला. ज्या माणसानं उभ्या जन्मात सुपारीचं खांड दाताखाली धरलं नाही, त्याला.

बाबाजी आमच्याकडे कलमं बांधायचा. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे निघालं की वाटेत डाव्या हाताला आमची नर्सरी लागते. आंब्याची कलमं, थोडी काजूची, हौशी लोकांसाठी जायफळ वगैरे. नर्सरी यांची, म्हणजे आमच्या राजाभाऊंची. पाटीवर नाव यांचं, पावतीवर नाव यांचं, पण कलम घ्यायला येणारा माणूस विचारायचा, "बाबाजीच्या हातचं आहे ना?" नाही म्हटलं तर पुढच्या आठवड्यात येतो म्हणायचा. यांना ते कधी आवडलं नाही, पण कलमं विकली जात होती म्हणून बोलत नव्हते.

बाबाजी खालच्या बौद्धवाडीतला. १९८० साली आमच्याकडे आला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा असेल. उंच, काटकुळा, मान थोडी पुढे काढून चालायची सवय. कलमाचं काम तो कुठल्याशा सरकारी रोपवाटिकेत शिकला होता, पण त्याच्या हातात होतं ते शिकवून येणारं नव्हतं. जूनमध्ये रायवळ आंब्याच्या कोयी रुजत घालायच्या. पंधरा दिवसांत तांबूस कोंब वर येतो. तो कोवळा असतानाच वरून छाटायचा, मधोमध चीर द्यायची, हापूसची काडी खालून पाचरीसारखी तासायची आणि त्या चिरेत बसवायची. वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळली की झालं कलम. सांगायला एवढंच. दुसरे माळी शंभर बांधायचे तेव्हा साठ जगायची. बाबाजीची नव्वदच्या खाली कधी गेली नाहीत. मेलेली दहा तो हातात घेऊन बघत बसायचा, पट्टी सोडून, चीर उघडून, कुठे चुकलं ते. मी एकदा म्हटलं, "अरे, टाकून दे की." तर म्हणाला, "वैनी, ह्यांनी आपला काम केलान. चुकलो मी."

त्याचा एक हट्ट होता. पिशव्या खेटून लावायच्या नाहीत. चार रांगा झाल्या की पाऊल मावेल एवढी वाट सोडायचीच. यांनी पुष्कळदा सांगून पाहिलं की जागा फुकट जाते. तो ऐकून घ्यायचा आणि वाट सोडायचा.

आणि दुसरा हट्ट मोहोराचा. हापूसच्या कलमाला भारी हौस असते. काडी मोठ्या झाडाची ना, म्हणून वीत-दीड वीत उंचीचं रोप माघ महिन्यात मोहोर काढून बसतं. बघायला फार गोजिरं दिसतं. शहरातले लोक तर वेडे होतात, फोटो काढतात. पण तो मोहोर ठेवला तर झाड खुरटतं, जन्मभर सुधारत नाही. म्हणून पहिली तीन-चार वर्षं येईल तेवढा मोहोर खुडायचा. आमच्याकडे हे पोराटोरांना माहीत आहे. बाबाजी कलम गाडीत चढवून देताना प्रत्येकाला बजावायचा, "माया करू नका. खुडा." कुणी फारच हळहळलं तर म्हणायचा, "पोर नांदायला धाडायच्या वयाची नाय, तिच्या दारात पाळणा कशाला?" आणि दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत तो आमच्या सगळ्या पिशव्यांमधून आडवा आडवा सरकत बोटांच्या चिमटीनं मोहोर खुडत जायचा. अनवाणी. नर्सरीत चप्पल त्यानं कधी घातली नाही.

असा माणूस. आता दुसऱ्याचं सांगते.

मुकुल माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा. दीर लवकर गेले, त्यामुळे यांचा त्याच्यावर फार जीव. आपला तो बाब्या म्हणतात ना, तसं. पुण्यात वाढला, शेतकीची पदवी कशीबशी काढली, मग यांनीच खटपट करून त्याला हॉलंडला धाडलं, काचेच्या घरात फुलं कशी करतात ते शिकायला. वर्षभरानं आला तो केसांचा बुचडा बांधून. २००२ ची दिवाळी आमच्याकडे होता. जेवता जेवता यांना म्हणाला, "काका, तुम्ही तीस तीस फुटांवर एकेक झाड लावता आणि दहा वर्षं आकाशाकडे बघत बसता. मी एका खोलीत हजार रोपं बसवून दाखवतो. छोटी छोटी, खेटून. जमीन नको, पाऊस नको, ऊन नको." यांच्या हातातला घास तसाच राहिला, एवढं कौतुक.

खोली म्हणून त्यानं आमची कॅनिंगची शेड मागितली. आंब्याचा रस डबाबंद करायचा उद्योग यांनी काढला होता, तो १९९८ साली बसला. शेड तशीच पडून होती. विजेचं थ्री फेज कनेक्शन मात्र यांनी तोडलं नव्हतं, कधीतरी पुन्हा सुरू करू या आशेवर. मुकुलला नेमकं तेच हवं होतं.

जानेवारीत काम सुरू झालं. खिडक्यांना आतून काळं प्लास्टिक, भिंतींना चंदेरी कागद, वरून दिवे. आणि बाबाजीला त्यानं यांच्याकडून मागून घेतलं. काय सांगितलं त्याला, तर परदेशी तुळशीची जात आहे, औषधाच्या कंपनीला जाते. मूळ झाडं थोडी आणली होती कुठून तरी, त्यांच्या फांद्या लावून रोपं वाढवायची होती. बाबाजीला काय, त्याला नवीन झाड मिळालं. शिकलेला मुलगा परदेशातून आला आणि आपल्या हाताला विचारतोय, यात त्याला भूषण वाटलं. ते काही पाप नव्हे.

पण पहिल्याच आठवड्यात तो माझ्याकडे येऊन ओटीच्या पायरीवर बसला. "वैनी, तो पोरगा वाट सोडूक देत नाय. पाऊल ठेवायला जागा नाय आत. फळी टाकून वरून पानी घालायचा. झाडा एकमेकाच्या नाकात श्वास सोडतात."

मी म्हटलं, "तो शिकून आलाय ना, त्याला माहीत असेल."

"माहीत असंल," तो म्हणाला. "पन बरा दिसत नाय."

फेब्रुवारीत एकदा मी दुपारचा डबा घेऊन शेडकडे गेले. दार आतून लावलेलं होतं. मुकुलनं उघडलं आणि तो वास माझ्या तोंडावर आला. शी. आज लिहितानासुद्धा घशात येतंय. शेडमध्ये पूर्वी आंब्याच्या रसाचा गोड, आंबूस वास असायचा, तो मला आवडायचा. हा वास ओल्या कातड्यासारखा, मुंगसाच्या बिळासारखा, आणि त्यात काहीतरी गोडूस, चिकट. आत असा उकाडा की चष्म्यावर वाफ धरली. चष्मा पुसून पाहिलं तर कोब्याचा एक इंच मोकळा नाही. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पिशव्याच पिशव्या, आणि प्रत्येकीत वीतभर काडीवर पानांचा पंजा. हिरवा गालिचा म्हणाला मुकुल. मला तर तो सांडपाण्यावरच्या शेवाळासारखा दिसला. कोपऱ्यात पिशव्यांवर पांढरी बुरशी, वर चिलटांचा थवा, दिवे असे पेटलेले की माणसाचा चेहरा आजारी दिसावा. आणि त्या सगळ्याच्या मधे फळीवर उकिडवा बसलेला बाबाजी, घामानं निथळणारा, एकेक पान उलटून बघत होता.

मला तो वास ओळखीचा होता. माझं माहेर कऱ्हाडकडचं, कृष्णेच्या काठाला. आमच्या आळीच्या टोकाला एक मठ होता, तिथं बैरागी उतरायचे आणि चिलमी ओढायचे. आई आम्हांला त्या बाजूनं जाऊ द्यायची नाही. वाऱ्यानं वास मात्र घरात यायचा. नाकानं ओळखलेलं विसरत नाही. मी डबा उंबऱ्यावर ठेवला आणि परत फिरले.

दुपारी हे झोपून उठल्यावर मी सरळ विचारलं. "तो गांजा लावतोय तुमच्या शेडमध्ये. तुम्हांला माहीत आहे का?"

यांनी चूळ भरली, टॉवेलानं तोंड पुसलं. "हळू बोल. औषधाला वापरतात तिकडे. मुकुल सगळं बघून करतोय. एक पीक काढणार आणि बंद करणार."

म्हणजे माहीत होतं. मला वाटलं होतं हे चिडतील, शेडकडे धावतील. मी म्हटलं, "आणि बाबाजी? त्याला सांगितलंय का?"

"त्याला कशाला? त्यानं पाणी घालायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, सुनेत्रा. घरातलं घरात राहू दे."

आणि मी राहू दिलं. कुणी म्हणेल बाईमाणूस, काय करणार. मी तसं म्हणणार नाही. मी त्या दिवशी पापड वाळत घालायला गच्चीवर गेले. संध्याकाळी बाबाजी नेहमीसारखा कात्री आणि झारी ठेवायला आला, "जातो वैनी" म्हणाला, आणि मी "बरं" म्हणाले. असे तीस-पस्तीस दिवस गेले. रोज तो यायचा, रोज मी "बरं" म्हणायचे.

मार्चच्या मध्याला मुकुल गोव्याला गेला. माल उचलणारी माणसं तिकडे होती, हे मला नंतर कळलं. शेडची किल्ली बाबाजीकडे देऊन गेला. दहा-बारा दिवसांत येतो, फक्त पाणी घाल, दुसरं काही करू नको, असं सांगून गेला. दुसरं काही म्हणजे काय ते सांगायला हवं होतं त्या शहाण्यानं. बाबाजीला त्यानं मजूर धरला होता, माळी नव्हे.

मुकुल जाऊन आठवडा झाला असेल. बाबाजी एके दिवशी दुपारी आला, पायरीवर बसला, आणि त्याचा चेहरा असा खुलला होता की मीच विचारलं, काय रे, काय झालं.

"वैनी, चार दिवस लागले. सगला साफ केला."

"काय साफ केलंस?"

"मोहोर. अहो, वीतभर झाडा ती, त्यांना मुठीएवढा मोहोर. मान टाकूक लागलेली. आनी एकमेकात अशी गच्च, वारा नाय, ऊन नाय. मी म्हटला, मुकुलभाऊ यीपर्यंत अर्धी मरतील. हजार झाडांचा खुडला. आता बघा कशी उठतात ती." त्यानं हात पुढे केले. बोटं काळी पडली होती, चिकानं लडबडलेली. "साबनानं निघत नाय. चंपा जेवायला ताटात चमचा देते मला."

माझ्या आधी लक्षातच आलं नाही. मग आलं. मुकुलला जे विकायचं होतं ते सगळं त्या मोहोरातच होतं. बाबाजीनं हजार झाडांचं पीक चिमटीनं खुडून टाकलं होतं, झाडं वाचावीत म्हणून. मी हसायला लागले. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. बाबाजीला वाटलं मी खूश झाले, तोही हसला.

"कुठं टाकलास तो मोहोर?"

"टाकीन कशाला? दोन गोणी घरी नेलाय. चंपा वालवून गोठ्यात धुरी घालते. डास अक्षी पळाले. गाय पन गप बसते."

मला तेव्हा बोलता आलं असतं. घरी जा आणि गोणी ओढ्यात टाक, एवढं एकच वाक्य. मी हसत होते, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांपुढे मुकुलचा चेहरा येत होता, आता कसा होईल तो. त्या मजेत मी बाबाजीला चहा दिला आणि जाऊ दिलं.

चंपा म्हणजे बाबाजीची बायको. बोलायला कमी, कामाला वाघीण. आमच्याकडे गोठ्यात संध्याकाळी धुरी घालतातच. कुणी कडुनिंबाचा पाला जाळतं, कुणी नारळाची सोडणं. चंपानं तो मोहोर जाळला, चांगला भरपूर, आणि शेजारणींनाही ओंजळ ओंजळ दिला. तीन संध्याकाळी सगळी बौद्धवाडी त्या धुरात होती. तिसऱ्या संध्याकाळी शेजारच्या वाडीत सासुरवाडीला आलेला एक हवालदार अंगणात बसून कलिंगड खात होता. वाऱ्यावर त्याला वास आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. गोठ्याच्या माळ्यावर दीड गोणी सापडली. बाबाजी समोर उभा राहून सगळं सांगत होता, कुणी दडवलं तर नव्हतंच काही. साहेबानं विचारलं, ही फुलं कुणी तोडली. "मीच खुडली." रोपं कुणी तयार केली. "मीच केली, साहेब. हजारात एक पन मेला नाय."

त्याला वाटलं कामाची चौकशी चाललीय. त्याच्या आयुष्यात कुणी चौकशी केली असेल तर ती कामाचीच. साहेबानं लिहून घेतलं आणि खाली त्याची सही घेतली. सही करायच्या आधी त्यानं चष्मा लावून ते सगळं वाचलं म्हणे, आणि बरोबर आहे म्हणाला.

पुढे वकिलानं मला समजावलं की कायद्याच्या लेखी गांजा म्हणजे नुसती पानं नव्हेत, फुलोरा. शेडमध्ये उभी होती ती बोडकी झाडं. फुलोरा होता तो सगळा बाबाजीच्या गोठ्यात.

मग जीप आमच्याकडे आली. साहेब ओटीवर बसले, मी कोकमाचं सरबत घेऊन बाहेर आले. साहेब यांना विचारत होते, "शेड तुमची. किल्ली कुणाकडे असायची?"

हे म्हणाले, "बाबाजीकडे."

"काय चालतं आत, तुम्हांला माहीत नव्हतं?"

"जुना माणूस. विश्वासानं वापरायला दिली होती. रोपं बिपं करतो म्हणाला. आम्ही कशाला बघायला जातोय?"

मुकुलचं नाव नाही. पुतण्या म्हणून नाही, पाव्हणा म्हणून नाही. बावीस वर्षं ज्याच्या हातावर पाटी चालली, त्याला दोन वाक्यांत विकून यांनी सरबताचा पेला उचलला. मी तबक धरून उभी. साहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा. मी म्हणाले, "साखर कमी नाही ना झाली?"

हो, हे मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी चंपा आली. अंगणात तुळशीपाशी उभी राहिली, वर ये म्हटलं तरी आली नाही. यांना म्हणाली, "भाऊ, एकदा येऊन सांगा. मुकुलभाऊंनी लावायला सांगितलेला, येवढाच सांगा." हे म्हणाले, कायद्याचं काम आहे, आपण मधे बोललो तर त्यालाच त्रास होईल, धीर धर. ती माझ्याकडे बघत होती. मी यांच्याकडे बघत होते. मग ती गेली.

गावाचं तर विचारूच नका. ज्यांच्या बागेत झाडन् झाड बाबाजीच्या हातचं आहे ते दूध घालायला आले की म्हणायचे, वाटलं नव्हतं हो. आणि मग आवाज खाली आणून, त्या वाडीतलाच ना, कधी ना कधी गुण दाखवणारच. माझ्या तोंडावर म्हणायचे, समजून घेणारी आपली माणसं म्हणून. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशाची जात काढायची. मला त्यांची किळस यायची. मग लक्षात यायचं की ते बिचारे ऐकीव बोलतायत, मला तर खरं माहीत आहे. किळस फिरून माझ्याच अंगावर यायची.

मे उजाडला. आंबा उतरवायची घाई, अंगणात पेट्या, सुकं गवत, माणसांची वर्दळ. अशात एका सकाळी फोन वाजला. हे बागेत होते. मी उचलला.

"काकू, मुकुल बोलतोय. काका आहेत का?"

दीड महिन्यानं आवाज ऐकत होते. मला वाटलं, विचारेल. बाबाजी कसा आहे, सुटला का, एवढं तरी.

"नाहीत. बोल."

"काकू, एक विचारायचं होतं. फुलं सगळी पोलिसांनी नेली का? की त्याच्या गोठ्यात, शेजारीपाजारी कुठे काही राहिलंय? म्हणजे अजून कामाचं असू शकतं. त्या गाढवानं माझं सगळं पीक मातीत घातलं, काकू. सांगून गेलो होतो मी, काही करू नको म्हणून."

मी फोन ठेवला. हात धुतले. साबणानं दोनदा धुतले, तरी मला वाटत होतं की त्या चोंग्यातून काहीतरी हाताला लागलंय. हे बागेतून आल्यावर मी त्यांना सांगितलं काय म्हणाला ते. हे ऐकून जरा हसले. "पोरगं आहे. जीव तुटतो त्याचा, एवढी मेहनत घेतली होती." आणि पेट्या मोजायला बाहेर गेले.

मी साडी बदलली आणि अकराची एसटी धरून रत्नागिरीला गेले. ठाण्यात मला तासभर बाकावर बसवून ठेवलं. मग साहेबांपुढे सगळं सांगितलं. मुकुल कधी आला, काय म्हणाला, शेड कुणी दिली, मी काय पाहिलं, यांना कधी सांगितलं, हे काय म्हणाले. साहेब वैतागले. "बाई, नवऱ्याला अडकवताय तुम्ही. कळतंय ना?" मी म्हटलं, कळतंय. "मग इतके दिवस कुठं होता?" त्यावर मी म्हटलं, घरी.

बाबाजीला पकडल्याला तेव्हा सदतीस दिवस झाले होते.

त्यानंतर आमच्या घरात जे झालं ते मी सांगत बसत नाही. यांना अटक झाली, जामीन झाला. मुकुलला गोव्याहून धरून आणला. नणंदा अजून माझ्याशी बोलत नाहीत, त्याचं मला काही वाटत नाही. आम्ही दोघं एका घरात राहतो, जेवण वाढते, औषधं देते. बाबाजीचा भाऊ महेंद्र मुंबईला क्लार्क होता, त्यानं वकील दिला. माझ्या जबाबावर जूनच्या शेवटी बाबाजी जामिनावर बाहेर आला आणि पुढल्या वर्षी त्याच्यावरचा खटला काढून टाकला.

तो सुटला त्याच पावसाळ्यात, जुलैत, इकडे कोयींना कोंब आले. तांबूस, टवटवीत, आणि बांधायला हात नाही. दोन माणसं आणली, त्यांच्या हातची निम्मी मेली. गिऱ्हाईक यायचं आणि विचारायचं तेच. शेवटी हे एके दिवशी मला म्हणाले, "तू जा. तुझं ऐकेल तो. तूच सोडवलंस ना त्याला."

मी गेले. बावीस वर्षांत त्याच्या घरी मी पहिल्यांदाच जात होते, आणि घर कुठलं ते मला एका पोरीला विचारावं लागलं. कौलारू, लहान, अंगण शेणानं सारवलेलं. बाबाजी पडवीत बसून टोपलीचा काठ बांधत होता. मला बघून उठला, खुर्ची पुढे केली. चंपा आतून दारात येऊन उभी राहिली. बाबाजी वाळला होता. हात मात्र तसेच, शांत.

मी इकडचं तिकडचं बोलले. तब्येत विचारली. पाऊस बरा झाला म्हणाले. तो हूं हूं करत होता. मग त्यानं टोपली खाली ठेवली.

"वैनी, वकील सांगत होता. तुम्ही जबाबात लिहून दिलंत, फेब्रुवारीतच तुम्हांला वासावरून कळलेला. डबा घेऊन आलात त्या दिवशी."

"हो."

"खरा हाय ता?"

"खरं आहे, बाबाजी."

रागावलाय असं दिसत नव्हतं. मेलेल्या कलमाची पट्टी सोडून बघायचा, तसं काहीतरी शोधत होता.

"मग मला का नाय सांगलात?"

मी म्हटलं, "यांना सांगितलं होतं रे. त्याच दिवशी सांगितलं."

"त्यांना सांगलात," बाबाजी म्हणाला. "आत मी होतो."

चंपा दारातून आत गेली. मीही उठले. कशासाठी आले होते ते त्यानंही विचारलं नाही. घरी आल्यावर हे दारातच उभे होते. "काय म्हणाला? येतो का?"

मी म्हटलं, "मी विचारलं नाही."